उन्हाळी इंटर्नशिपचे क्रेडिट: घ्यावे का, किती घ्यावे आणि कसे मिळवावे

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा समजला. भारतात स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन तुम्ही दोन वर्षे निवासी इमारतींच्या साइटवर नोकरी केली, आता अमेरिकेतील एका विद्यापीठात बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात आहात, आणि एका कंत्राटदार कंपनीने तुम्हाला उन्हाळ्यात १२ आठवड्यांची पगारी इंटर्नशिप देऊ केली आहे. विभागाचे म्हणणे असे की त्यासाठी इंटर्नशिपचा तीन क्रेडिटचा कोर्स घ्यावा लागेल आणि त्याचे उन्हाळी शुल्क वेगळे भरावे लागेल. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: काम मी करणार आणि पगार कंपनी देणार, तर विद्यापीठाला पैसे कशाबद्दल द्यायचे, भारतातला अनुभव दाखवून हे क्रेडिट परस्पर पदरात पडेल का, आणि हा कोर्स घेतल्याने पदवी लवकर पूर्ण होईल का.

मी अमेरिकेत एका जनरल कॉन्ट्रॅक्टरकडे, म्हणजे मुख्य कंत्राटदार कंपनीकडे, १८ वर्षे काम करतो आहे. दर उन्हाळ्यात माझ्या प्रकल्पावर एक-दोन इंटर्न असतात, त्यांच्या विद्यापीठाच्या मूल्यमापनाच्या कागदांवर सही माझी असते, आणि मी स्वतःही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर याच वाटेने आलो. त्यामुळे पुढे लिहितो ते कंपनीच्या बाजूने पाहिलेले आणि विद्यार्थी म्हणून सोसलेले असे दोन्ही आहे. व्हिसाविषयीचा अंतिम शब्द मात्र तुमच्या विद्यापीठातील नियुक्त अधिकाऱ्याचा, ज्याला तिथे डीएसओ म्हणतात, त्याचाच असतो.

सगळ्यात आधी एक गुंता सोडवू. तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. इंटर्नशिपचे क्रेडिट देतो तो तुमचा विभाग. काम करण्याची परवानगी देतो तो विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभाग. आणि नोकरी, पगार, कामाचे स्वरूप ठरवते ती कंपनी. या तिघांचे कागद वेगळे, मुदती वेगळ्या आणि काळज्याही वेगळ्या असतात, आणि त्यांतील कोणीही दुसऱ्याचे काम तुमच्या वतीने करत नाही. कंपनीचे ऑफर लेटर आले म्हणजे क्रेडिट मिळाले, किंवा कोर्समध्ये नाव नोंदवले म्हणजे परवानगी मिळाली, असे समजून चालणारे विद्यार्थीच मी अडचणीत आलेले पाहिले आहेत.

आता शुल्काचा प्रश्न. क्रेडिट काम केल्याबद्दल मिळत नाही. कामाची परतफेड पगारातून झालेली असते. क्रेडिट मिळते ते त्या कामातून तुम्ही काय शिकलात हे आधी ठरवून, मग लिहून आणि शेवटी कोणाच्या तरी तपासणीतून सिद्ध केल्याबद्दल. ही तपासणी करणारा प्राध्यापक, त्याचा वेळ, तुमच्या प्रतिलेखावर (ट्रान्सक्रिप्टवर) उमटणारी श्रेणी आणि त्यामागची विद्यापीठाची जबाबदारी, या सगळ्याचे ते शुल्क असते. ते किती असावे यावर वाद घालता येईल, आणि मी विद्यार्थी असताना मलाही ते अन्यायाचेच वाटले होते. पण ज्या प्राध्यापकाने माझा पहिला अहवाल लाल शेऱ्यांनी भरून परत पाठवला, त्याच्या त्या शेऱ्यांमुळेच पुढच्या मुलाखतीत मला माझ्या कामाविषयी चार वाक्ये सलग बोलता आली, हेही खरे आहे.

विभाग पुराव्यासाठी एवढा आग्रही का असतो, याला आणखी एक कारण आहे. बांधकाम शिक्षणाच्या अनेक अभ्यासक्रमांना अमेरिकन कौन्सिल फॉर कन्स्ट्रक्शन एज्युकेशन या संस्थेची मान्यता असते, आणि ती टिकवण्यासाठी विद्यार्थ्याला अंदाजपत्रक करता येते, वेळापत्रक तयार करता येते, सुरक्षेचा आराखडा लिहिता येतो, कराराची कागदपत्रे वाचता येतात, हे विभागाला दाखवून द्यावे लागते. तुमचा इंटर्नशिप अहवाल अशा पुराव्याचा भाग होऊ शकतो. म्हणून ‘मी चांगले काम केले असे कंपनीने लिहून दिले आहे’ एवढ्यावर विभागाचा इंटर्नशिप समन्वयक समाधानी होत नाही.

तासांचा हिशेब पाहिला तर चित्र अधिक स्पष्ट होते. अमेरिकेच्या संघीय नियमांत क्रेडिट-तासाची व्याख्या आहे: सुमारे १५ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला एक तास वर्ग आणि त्याशिवाय किमान दोन तासांचा स्वतंत्र अभ्यास, आणि इंटर्नशिप किंवा प्रयोगशाळेसाठी त्याच्या तोडीचे काम. म्हणजे एका क्रेडिटमागे साधारण ४५ तास आणि तीन क्रेडिटमागे १३५. तुमचे १२ आठवडे, आठवड्याला ४० तासांप्रमाणे, ४८० तास होतात. तासांची अट विद्यापीठागणिक बदलते आणि काही ठिकाणी ती ४५ पेक्षा बरीच जास्त असते, तेव्हा तुमच्या कोर्सच्या माहितीपत्रकात ती नेमकी पाहा. परंतु पूर्ण उन्हाळा साइटवर काढणाऱ्याला तास कमी पडले असे मी अजून पाहिलेले नाही. कमी पडतो तो पुरावा.

पैशाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो तुम्ही समन्वयकाला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील: ही क्रेडिट पदवीच्या एकूण क्रेडिटमध्ये धरली जातात, की त्यांच्या वर येतात? दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत इंटर्नशिप एका ऐच्छिक विषयाची जागा घेते. त्या विषयाचे शुल्क तुम्हाला एरवीही भरावेच लागले असते, त्यामुळे उन्हाळ्यातले शुल्क हा वाढीव खर्च राहत नाही, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी ‘होय’ असे येते, कारण पुढच्या सत्राचा भार एका विषयाने हलका होतो. संपूर्ण सत्र वाचेल की नाही हे मात्र उरलेले अनिवार्य विषय कोणत्या सत्रात शिकवले जातात त्यावर ठरेल, आणि बहुधा ते वाचत नाही. दुसऱ्या पद्धतीत क्रेडिट प्रतिलेखावर दिसते पण पदवीच्या मोजणीत येत नाही. तिथे तीन क्रेडिटचे शुल्क भरणे म्हणजे फक्त परवानगीसाठी पैसे मोजणे होय, आणि तसे असेल तर एका क्रेडिटचा पर्याय आहे का हे जरूर विचारा. अनेक विभागांत एक ते तीन अशी बदलती क्रेडिट-संख्या असते, पण विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही.

पहिली पद्धत असली तरी तीन क्रेडिट घेण्याआधी जरा थांबून विचार करा असे मी म्हणेन. ज्या विद्यार्थ्याने साइट कधीच पाहिलेली नाही त्याने पूर्ण तीन घ्यावीत. त्याच्यासाठी कोणताही ऐच्छिक विषय एवढे शिकवणार नाही. तुमची साइटवरची दोन वर्षे आधीच झाली आहेत. तुमच्या अभ्यासक्रमात बांधकाम करार-कायदा किंवा प्रगत वेळापत्रक-नियोजन असा एखादा विषय चांगल्या प्राध्यापकाकडे असेल आणि इंटर्नशिपमुळे तो सुटणार असेल, तर तो तोटा शुल्काच्या रकमेपेक्षा मोठा आहे. अमेरिकेत मला सर्वात जास्त उपयोगी पडला तो करार-कायद्याचाच विषय, आणि तो मी केवळ वेळापत्रकात बसला म्हणून घेतला होता.

आता भारतातल्या अनुभवाविषयी. पूर्वीच्या शिक्षणाला किंवा अनुभवाला क्रेडिट देण्याची व्यवस्था अमेरिकेतील पुष्कळ महाविद्यालयांत आहे, पण ती प्रामुख्याने पदवी स्तरावर चालते. पदव्युत्तर स्तरावर तिचा उपयोग क्वचितच होताना दिसतो. तुमच्यासारख्यांना जे मिळू शकते ते क्रेडिट नव्हे, सूट असते: अभ्यासक्रमात इंटर्नशिप अनिवार्य असेल तर पूर्वानुभव पाहून विभाग ती माफ करू शकतो. सूट मिळाली की त्या जागी दुसरा विषय घ्यावा लागतो, क्रेडिट फुकट जमा होत नाही. शिवाय तुमच्या बाबतीत त्यात एक मोठा धोका आहे. अनिवार्य इंटर्नशिपच्या आधारावरच तुम्हाला काम करण्याची परवानगी मिळणार असेल, तर ती इंटर्नशिप माफ करून घेणे म्हणजे बसलो आहोत तीच फांदी तोडणे. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात उत्साहाने माफीचा अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. मार्चमध्ये त्याला चांगली ऑफर आली तेव्हा ती माफी मागे घेण्यासाठी त्याला तीन दारे ठोठावावी लागली. तेव्हा डीएसओशी बोलल्याशिवाय माफीचा अर्ज करू नका.

परवानगीचे नियम थोडक्यात असे आहेत. एफ-१ विद्यार्थ्याला शिक्षणादरम्यान विद्यापीठाबाहेर अशा प्रकारचे काम करण्यासाठी करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणजे सीपीटी, घ्यावी लागते, आणि तिची मुख्य अट अशी की काम हा प्रस्थापित अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असला पाहिजे. तुमचा विभाग कोर्स घ्यायला लावतो तो याच अटीमुळे. कोर्स नसेल तर ते काम अभ्यासक्रमाचा भाग आहे हे दाखवायला कागदच उरत नाही. सर्वसाधारणपणे आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण झालेले असावे लागते. तुमची शरद आणि वसंत अशी दोन सत्रे पूर्ण होत असल्यामुळे ही अट अडचणीची नाही. परवानगी विशिष्ट कंपनीसाठी आणि विशिष्ट तारखांसाठी असते, आणि ती नव्या आय-२० वर, म्हणजे विद्यापीठ एफ-१ विद्यार्थ्याला देते त्या प्रमाणपत्रावर, छापून येते. आठवड्याला २० तासांपर्यंतचे काम अर्धवेळ आणि त्याहून जास्त ते पूर्णवेळ धरले जाते. पूर्णवेळ सीपीटीचे १२ महिने भरले की त्याच पदवी-स्तरावरचा पदवीनंतरचा ओपीटीचा, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचा, हक्क जातो. तुमचे १२ आठवडे त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत, म्हणून ती भीती मनातून काढून टाका.

एक बारीक गोष्ट मात्र कधीही सैल सोडू नका. आय-२० वरील सुरुवातीच्या तारखेआधी साइटवर पाऊल ठेवायचे नाही. सुरक्षा-प्रशिक्षणासाठी नाही, ओरिएंटेशनसाठी नाही आणि ‘नुसते बघायला ये’ म्हणून बोलावले तरीही नाही. आमच्या एका प्रकल्पावर सुपरिंटेंडंटने, म्हणजे साइटच्या प्रमुखाने, एका इंटर्नला फोन केला की सोमवारऐवजी गुरुवारीच ये, मोठा स्लॅब ओतायचा आहे, पाहायला मिळेल. हेतू अगदी चांगला होता. तो मुलगा आला, हेल्मेट घालून उभा राहिला, आणि मनुष्यबळ विभागातील बाईंनी त्याची तारीख पाहून त्याला गेटवरूनच परत पाठवले. त्याला वाईट वाटले, सुपरिंटेंडंट चिडला, पण बाईंचे बरोबर होते. सीपीटी मागाहून, मागील तारखेने मिळत नाही. शेवटच्या तारखेचेही तसेच: काम ऑगस्टमध्ये आणखी एक आठवडा लांबणार असे दिसले, तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्यायची.

पगाराविषयी तुम्ही विचारले नाही, पण इंटर्नशिप पगारी आहे हे उत्तम आहे. ‘क्रेडिट मिळते आहे, मग पगार कशाला’ असे म्हणणाऱ्या कंपन्या अजूनही भेटतात. अमेरिकेच्या कामगार खात्याने जानेवारी २०१८ मध्ये बिनपगारी इंटर्नशिपसाठी सात निकषांची कसोटी स्वीकारली. या व्यवस्थेचा मुख्य लाभ इंटर्नला होतो की कंपनीला, हे ती पाहते. शैक्षणिक क्रेडिटशी असलेला संबंध हा त्या सातांपैकी एक निकष आहे, आणि तेवढ्यावर बिनपगारी काम आपोआप वैध ठरत नाही. दिवसभर मोजमापे घेणारा, काँक्रीटच्या ट्रकसोबतच्या पावत्या (चलने) गोळा करणारा आणि दैनंदिन अहवाल लिहिणारा इंटर्न कंपनीचेच काम करत असतो. तासावर पगार असेल तर ४० तासांपलीकडचे तास दीडपट दराने धरले जातात हेही लक्षात ठेवा, कारण काँक्रीटच्या आठवड्यांत ते तास होतातच. आणि पहिल्या पगारपत्रकावर सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची मिळून ७.६५ टक्के कपात दिसली, तर ती चुकून झाली आहे का ते विचारा. एफ-१ विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे करांच्या दृष्टीने अनिवासी असतो आणि अधिकृत कामावर त्याची ही कपात होत नाही. वेतन विभागाला हे अनेकदा ठाऊक नसते.

इथपर्यंतचा भाग कागदांचा होता. आता ज्यावर क्रेडिटची श्रेणी खरोखर ठरते त्या शिक्षण-कराराकडे वळतो, म्हणजे तुम्ही, कंपनीतील पर्यवेक्षक आणि प्राध्यापक अशा तिघांच्या सह्यांचा तो एक-दोन पानांचा कागद, ज्यात उन्हाळ्यात काय शिकायचे ते लिहिलेले असते. माझ्याकडे येणाऱ्या दहा करारांपैकी आठांत पहिले उद्दिष्ट ‘बांधकाम व्यवस्थापनाचा प्रत्यक्ष अनुभव घेणे’ असे असते. हे उद्दिष्ट पूर्ण झाले की नाही हे मी ऑगस्टमध्ये कशावरून ठरवायचे? साइटवर आला म्हणजे अनुभव घेतलाच. उद्दिष्ट असे हवे की त्याच्या शेवटी हातात एक वस्तू उरेल: तक्ता, टिपण, तुलना, वेळापत्रक.

एक उदाहरण देतो, कारण त्यातून मला काय म्हणायचे आहे ते नेमके कळेल. एका इंटर्नचे उद्दिष्ट आम्ही असे लिहिले होते: जमिनीवरील एका स्लॅबच्या काँक्रीटचे प्रमाण ड्रॉइंगवरून काढणे, प्रत्यक्ष आलेल्या ट्रकच्या चलनांशी ते ताडणे आणि फरकाचे कारण शोधणे. स्लॅब ६० फूट लांब, ४० फूट रुंद आणि ५ इंच जाड होता. घनफळ १००० घनफूट. २७ घनफुटांचा एक घन यार्ड, म्हणजे ३७ घन यार्ड. प्रत्यक्षात आले जवळजवळ ४१. फोरमनचे उत्तर तयार होते: सांडलवंड धरून एवढे लागतेच. ती इंटर्न मुलगी तिथे थांबली नाही. काँक्रीटच्या आदल्या दिवशी सर्वेक्षकाने स्लॅबखालच्या भरावाच्या पातळ्या घेतल्या होत्या. तो कागद तिने मागून घेतला आणि सरासरी काढली. भराव ठरलेल्या पातळीपेक्षा सरासरी अर्धा इंच खाली होता. २४०० चौरस फुटांवर अर्धा इंच म्हणजे १०० घनफूट, म्हणजे ३.७ घन यार्ड. फरक तिथेच भरून निघाला. दीड पानाचे ते टिपण तिने अहवालाला जोडले, आणि पुढच्या स्लॅबच्या वेळी आमच्या सुपरिंटेंडंटने भरावाच्या पातळ्या स्वतः पाहिल्याशिवाय काँक्रीट मागवले नाही. क्रेडिट कशाबद्दल मिळते असे मला कोणी विचारले, तर मी हे दीड पान दाखवतो.

तुमच्यासाठी उद्दिष्टे निवडताना मी साइटवरील देखरेख मुद्दाम कमी ठेवीन, कारण ती तुम्ही केली आहे, आणि भारतात व अमेरिकेत ज्या ठिकाणी पद्धत खरोखर बदलते तिथे भर देईन. काँक्रीटची ताकद तुम्ही १५० मिलिमीटरच्या क्यूबवर तपासत होता. इथे ४ बाय ८ किंवा ६ बाय १२ इंचांचे सिलिंडर भरतात, आणि त्याच काँक्रीटचा सिलिंडर क्यूबपेक्षा कमी ताकद दाखवतो, ढोबळमानाने ८० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे ‘४००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) म्हणजे आपल्याकडच्या एम २५ किंवा एम ३० प्रतीचे काँक्रीट’ असे सरळ रूपांतर करणारा चुकतो. तुम्हाला आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचे मोजमाप करून वेळोवेळी द्यायचे बिल, माहीत आहे. इथे त्याच्या जागी मासिक पे अ‍ॅप्लिकेशन असते, पण ते मोजमाप पुस्तिकेवर न चालता आधीच मान्य झालेल्या किंमत-विभागणीवर आणि पूर्ण झालेल्या टक्क्यांवर चालते. आणि आरएफआय, म्हणजे वास्तुविशारदाला लेखी विचारायचा प्रश्न, हा इथल्या कामाचा कणा आहे. भारतात ज्या गोष्टी आपण फोनवर विचारून मार्गी लावतो त्या इथे कागदावर येतात, कारण त्यांतूनच पुढे वाढीव खर्चाचा किंवा मुदतवाढीचा दावा उभा राहतो. ‘तीन आरएफआय निवडून त्यांचा प्रवास प्रश्नापासून उत्तरापर्यंत आणि उत्तरापासून खर्च व वेळापत्रकावरील परिणामापर्यंत नोंदवणे’ हे उद्दिष्ट मी तुमच्या करारात पहिले लिहीन. या तिन्ही फरकांवर एकेक उद्दिष्ट झाले. चौथे म्हणून सुरक्षेचे काहीतरी घ्या. उदाहरणार्थ, ५ फूट किंवा त्याहून खोल खणलेल्या चराला साधारणपणे संरक्षण-व्यवस्था लागते आणि ४ फुटांपासून बाहेर पडण्याचा मार्ग २५ फुटांच्या आत असावा लागतो, हे ओशाचे, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचे, नियम तुमच्या साइटवर रोज कोण व कसे तपासतो याचे निरीक्षण. एवढी चार उद्दिष्टे पुरेत. दहा लिहिणाऱ्याची दोनच पूर्ण होतात.

हा करार कंपनीकडे लवकर पाठवा. पर्यवेक्षकाची सही पाच मिनिटांत होते, पण विद्यापीठाचा कागद कधीकधी कायदेशीर बाबींचा असतो, त्यात नुकसानभरपाईचे किंवा विम्याचे कलम असते, आणि असा कागद आमच्याकडे विधी विभागात गेला की तीन-चार आठवडे सहज जातात. सही झालेला करार, मग कोर्सची नोंदणी, मग सीपीटीचा अर्ज, मग नवीन आय-२०, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. मे महिन्याच्या मध्याला सुरुवात करायची असेल तर मार्च संपेपर्यंत करार कंपनीच्या हातात असावा.

पर्यवेक्षक कोण असेल हेही आधीच ठरवून घ्या. सुपरिंटेंडंटकडून तुम्ही सर्वात जास्त शिकाल, पण मूल्यमापनाचा अर्ज वेळेवर भरून देणारा सुपरिंटेंडंट मला १८ वर्षांत फारसा भेटलेला नाही. प्रोजेक्ट इंजिनिअर किंवा सहायक प्रोजेक्ट मॅनेजरचे नाव कागदावर असू द्या आणि दिवसाचा बराचसा वेळ सुपरिंटेंडंटच्या मागे फिरा. सहाव्या आठवड्यात अर्ध्या तासाची बैठक स्वतः मागून घ्या आणि उद्दिष्टांचा कागद समोर ठेवा. त्या वेळी असे लक्षात आले की तुमच्या साइटवर स्लॅबचे काम उन्हाळ्यात येणारच नाही, तर प्राध्यापकाला कळवून ते उद्दिष्ट बदलता येते. अहवालात ‘संधी मिळाली नाही’ असे लिहिणाऱ्याला मात्र सहसा कोणी माफ करत नाही.

रोजनिशी त्याच दिवशी लिहा. ‘आज काँक्रीटिंग झाले, बरेच शिकायला मिळाले’ या ओळीचा ऑगस्टमध्ये काहीही उपयोग होत नाही. त्याच दिवसाची दुसरी नोंद अशी असू शकते: ‘तिसरा ट्रक. बॅच ९ वाजून १० मिनिटांनी, साइटवर ९.५५ ला. स्लम्प (काँक्रीटच्या पातळपणाचे माप) ७ इंच, तपशीलपत्रकात ४ अधिक-उणे १. तपासनिसाने ट्रक परत पाठवला. फोरमन म्हणाला, पाणी प्लँटमध्येच जास्त पडले. पुढचा ट्रक येईपर्यंत ३५ मिनिटे. तोपर्यंत आधीच्या काँक्रीटची कड ओली ठेवावी लागली. प्रश्न: परत गेलेल्या ट्रकचा खर्च कोणाचा?’ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला तुम्ही पुरवठादाराशी झालेला करार उघडाल, आणि अहवालाचे एक प्रकरण तिथून सुरू होईल.

अहवालात कंपनीचे आकडे वापरताना सांभाळा. निविदेच्या रकमा, उपकंत्राटदारांचे दर आणि मालकाचे नाव ही माहिती कंपनीची आहे. प्राध्यापकाला ती लागत नाही. प्रत्यक्ष रकमांऐवजी टक्केवारी द्या, छायाचित्रांसाठी लेखी परवानगी घ्या आणि अंतिम मसुदा जमा करण्याच्या आठवडाभर आधी पर्यवेक्षकाला वाचायला द्या. आमच्याकडे एकदा एका इंटर्नच्या सादरीकरणात स्पर्धक निविदाकारांच्या किमतींचा पूर्ण तक्ता झळकला होता. श्रोत्यांत त्यांतल्याच एका कंपनीचे लोक बसले होते.

तुमच्या परिस्थितीत मी स्वतः काय केले असते ते सांगतो. क्रेडिट पदवीत धरली जात असतील आणि सुटणारा ऐच्छिक विषय सामान्य असेल, तर तीन घेतली असती. धरली जात नसतील, तर एक क्रेडिट मागितले असते आणि तेही नाही म्हणाले तर तीनचे शुल्क भरून गेलो असतो, कारण १२ आठवड्यांच्या पगारातून ते बहुधा वसूल होते आणि अमेरिकेतल्या पहिल्या नोकरीसाठी इथल्या साइटचा एक उन्हाळा भारतातल्या दोन वर्षांइतकाच बोलतो. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही, पण मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीत बसून मी ते पाहिले आहे. माफीचा अर्ज केला नसता. कंपनीला विचारले असते की १२ पैकी चार आठवडे अंदाजपत्रक विभागात मिळतील का. साइटची दोन वर्षे पाठीशी असलेल्या उमेदवाराला ही मागणी शोभते आणि ती सहसा मान्य होते.

एक शेवटचे, कारण हा प्रश्न तुम्हाला जुलैत पडणारच आहे. काम आवडले आणि कंपनीने शरद सत्रातही येशील का असे विचारले, तर ते अर्धवेळ, म्हणजे आठवड्याला २० तासांपर्यंत, सहसा शक्य असते. मात्र त्यासाठी नव्या सत्राचा कोर्स, नवी परवानगी आणि नवा आय-२० हे सगळे पुन्हा करावे लागते, आणि उन्हाळ्याच्या परवानगीची मुदत संपल्यावर नवी मिळेपर्यंतच्या दिवसांत काम करता येत नाही. याच सुमारास तुमच्या आय-२० वरील सीआयपी कोडही, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण-क्रमांकही, पाहून ठेवा. पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीला आणखी २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित विषयांसाठीची) मुदतवाढ मिळेल की नाही, हे त्या कोडवर ठरते. बांधकाम व्यवस्थापन, बांधकाम अभियांत्रिकी आणि बांधकाम अभियांत्रिकी तंत्रज्ञान ही नावे ऐकायला सारखी असली तरी त्यांचे कोड वेगळे असतात. विभाग बदलायचा किंवा विषयाची शाखा बदलायची असेल, तर ते पदवी हातात पडण्याआधीच करता येते.